वसंतात बर्फ पडला तर: थंडीत अडकलेले स्थलांतरित पक्षी कुठे शोधावेत आणि कसे पाहावेत

उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांत मार्च ते मे दरम्यान हा प्रसंग हमखास येतो. दोन-चार दिवस दक्षिणेचा ऊबदार वारा वाहतो, पक्षी उत्तरेकडे सरकू लागतात आणि मग एका रात्रीत पारा उतरतो. सकाळी कळ्या आलेल्या फांद्यांवर बर्फ साचलेला असतो. पुष्कळ पक्षीनिरीक्षक अशा दिवशी बाहेर पडत नाहीत, कारण पक्षी कुठेतरी दडून बसले असतील असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात एरवी रानभर विखुरलेले पक्षी त्या दिवशी मोजक्या जागांवर गोळा होतात. शेंड्यावर वावरणारे जमिनीवर उतरतात आणि भुकेपुढे माणसाची भीतीही मागे पडते.

या मोजक्या जागा कोणत्या, हे एकाच गोष्टीवर ठरतं: खाणं कुठे उरलंय. पुढची सगळी माहिती त्याच प्रश्नाला धरून दिली आहे. किती जवळ जायचं याचं उत्तरही त्यातच आहे, कारण ज्याला खाणं मिळत नाही तो पक्षी उगाच उडायला लावला तर त्याचा जीव जाऊ शकतो.

आदल्या दिवशी: वारा बघा

लहान गाणारे पक्षी बहुतेक रात्रीच प्रवास करतात. सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासात ते उडतात आणि वारा पाठीशी असेल तर रात्रभर उडत राहतात. वसंतात त्यांना दक्षिणेचा वारा हवा असतो. थंड हवेची आघाडी येण्याआधी नेमका तोच वारा जोरात वाहतो, त्यामुळे पक्षी मोठ्या संख्येने निघतात आणि मध्यरात्रीनंतर समोरून पाऊस, गारा, बर्फ आणि उत्तरेचा वारा अंगावर येतो. मग जिथे असतील तिथे खाली उतरण्यावाचून गत्यंतर नसतं.

त्यामुळे अंदाज बघताना फक्त तापमानावर जाऊ नका. वारा कोणत्या दिशेचा आहे आणि तो कोणत्या वेळी फिरणार आहे, हे बघा. संध्याकाळी दक्षिणेचा वारा आणि पहाटे बर्फ असा अंदाज असेल, तर ती सकाळ अजिबात सोडू नका. उत्तरेचा वारा तीन-चार दिवस टिकणार असेल तर नवे पक्षी येणार नाहीत, पण आलेले तिथेच अडकून राहतील. तेच थवे त्याच जागी रोज दिसतील, फक्त दिवसागणिक थकत जातील. आणि आभाळ निवळून संध्याकाळी पुन्हा दक्षिणेचा वारा सुटला, तर रात्रीतून सगळे निघून जातात. दुसऱ्या दिवशी तीच झुडपं रिकामी असतात, म्हणून "उद्या जाऊ" हा विचार इथे उपयोगाचा नाही.

हवामानाचं रडार पाऊस दाखवतं तसे उडणारे पक्षीही दाखवतं. कोरड्या रात्री सूर्यास्तानंतर रडार केंद्राभोवती गोल डाग पसरू लागला, की तो बहुधा पक्ष्यांचा असतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-अभ्यास केंद्राच्या (कॉर्नेल लॅब) पुढाकाराने चालणारा बर्डकास्ट हा प्रकल्प याच तंत्रावर आधारलेला आहे आणि पुढच्या काही रात्रींचा स्थलांतराचा अंदाजही देतो. रडार हाताशी नसेल तरी वाऱ्याच्या नकाशावर बरंच काम भागतं.

मार्चचा बर्फ वेगळा, मेचा बर्फ वेगळा

मार्च-एप्रिलमध्ये परतणारे पक्षी थोड्या अंतरावरून येतात आणि थंडीला बऱ्यापैकी सरावलेले असतात. उत्तर अमेरिकेत रॉबिन, रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड, किलडीअर, वुडकॉक आणि फीबी हा माशीमार, तर युरोपात टिटव्या, चंडोल आणि धोबी या गटात येतात. बदकं आणि हंस तर गोठलेलं पाणी फुटेल तसतसे त्याच्या मागोमाग पुढे सरकतात. हे पक्षी बियांवर, फळांवर किंवा चिखलातल्या अळ्यांवर काही दिवस काढू शकतात.

मेमधला बर्फ जास्त घातक असतो. तोवर दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून वटवटे, टॅनेजर, पाकोळ्या, हमिंगबर्ड आलेले असतात. त्यांची मुख्य भिस्त किड्यांवर किंवा फुलांतल्या मधावर असते आणि पारा 10 अंश सेल्सियसच्या खाली गेला की बहुतेक उडणारे किडे उडायचेच थांबतात. 1996 साली मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात अशी थंडीची लाट आली, तेव्हा हजारो क्लिफ स्वॅलो उपासमारीने मेल्या. तिथे या पाकोळ्यांचा अनेक वर्षं अभ्यास करणाऱ्या चार्ल्स आणि मेरी ब्राउन यांनी मेलेल्या आणि वाचलेल्या पक्ष्यांची मापं घेतली. अंगाने मोठे असलेले पक्षी जास्त वाचले होते. मोठ्या शरीरात चरबी जास्त मावते आणि उष्णताही हळू निघून जाते.

मार्चमध्येही संकट येतंच. मिनेसोटात मार्च 1904 मध्ये रात्रीच्या ओल्या, दाट बर्फात लॅपलंड लाँगस्पर या भारीटाच्या जातभाईंचे प्रचंड थवे गावांवर आदळले. वर्दिंग्टनजवळच्या दोन गोठलेल्या तळ्यांवरच सुमारे 7,50,000 पक्षी मेले असावेत, असा तेव्हाचा अंदाज आहे. स्थलांतराच्या रात्री घराबाहेरचे दिवे बंद ठेवा, असं आज सांगितलं जातं, त्यामागे असे अनुभव आहेत. बर्फाच्या रात्री तर हे आवर्जून करा.

निघताना

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर ऊब धरणारा थर आणि सगळ्यात वर वारा व पाणी अडवणारं जाकीट. सुती कपडा एकदा भिजला की गारठा थेट अंगात शिरतो, म्हणून तो नकोच. पक्षी बघताना माणूस बराच वेळ एका जागी उभा राहतो, त्यामुळे चालायला जाताना घालाल त्याहून एक थर जास्त घाला. हातात पातळ मोजे आणि त्यावर बोटं एकत्र ठेवणारे जाड मोजे असले की दुर्बिणीचं चाक फिरवायला फक्त वरचे काढावे लागतात. बुटांना बसणारे बर्फावरचे काटे जवळ असू द्या, कारण वसंतातला बर्फ दुपारी वितळून रात्री पुन्हा काचेसारखा गोठतो. तळ्यावर गोठलेल्या थरावर मात्र पाय ठेवू नका. या दिवसांत तो वरून घट्ट दिसतो आणि आतून पोकळ झालेला असतो.

दुर्बिणीकडे जरा जास्त लक्ष द्या. 8x42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) ही या कामाला उत्तम, कारण ढगाळ, बर्फाळ उजेडात ती पुरेसा प्रकाश देते आणि थरथरत्या हातातही चित्र फार हलत नाही. ऊबदार गाडीतून किंवा घरातून काढलेली दुर्बीण डोळ्यांना लावलीत की श्वासाची वाफ नेत्रभिंगावर धरते. दुर्बीण आधीपासून थंड जागी ठेवा आणि डोळ्यांना लावताना श्वास नाकातून खाली सोडा. भिंगावर बर्फाचे कण पडले तर बाहीने पुसू नका, ओरखडे पडतात. आधी रबरी पंपाने हवा मारा, मग मऊ ब्रशने कण झटका आणि कापड अगदी शेवटी वापरा. घरी परतल्यावर दुर्बीण आणि कॅमेरा बंद पिशवीतच हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे दव पिशवीवर धरेल, भिंगाच्या आत नाही. बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवा. थंडीत त्या लवकर मान टाकतात.

कुठे बघायचं

जागा शोधताना डोळ्यांसमोर बर्फ आणू नका, बर्फ नसलेली जागा आणा.

पहिली जागा म्हणजे झरपणारं पाणी. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाचं असतं, म्हणून ते जिथे पृष्ठभागावर येतं तिथली माती गोठत नाही. टेकडीच्या पायथ्याला हात-दोन हात रुंदीचा काळा, चिखलाचा पट्टा बर्फात उठून दिसला की थांबा आणि तिथेच बघत राहा. कस्तुर, पाणलावे, वुडकॉक, धोबी असे पक्षी तिथे येतात. वुडकॉकच्या लांब चोचीचं टोक वेगळं उघडतं आणि ते चिखलातलं गांडूळ चाचपून पकडतं. माती दगडासारखी झाली की त्याला दुसरा पर्यायच उरत नाही, म्हणून अशा पट्ट्यावर तो भर दिवसाही उघड्यावर येतो. एरवी पाचोळ्यात तो पायाजवळ असला तरी दिसत नाही.

वाहते ओढे हे त्याहून मोठं कोठार. पाण्यात वाढलेले काही किडे थंडीतच बाहेर पडतात. त्यातले हिवाळी स्टोनफ्लाय काळेभोर असतात आणि ओढ्याकाठच्या बर्फावर चालत जाताना साध्या डोळ्यांनाही दिसतात. काठावर बसून दहा मिनिटं बर्फाकडेच बघा. किडा दिसला म्हणजे खाणं आहे, आणि मग त्या काठावर पक्षी येण्याची वाट बघण्यात अर्थ आहे. फीबी अशा ठिकाणी पाण्यावर झुकलेल्या अगदी खालच्या फांदीवर बसतो, शेपूट खालीवर करत राहतो, झेप घेऊन काहीतरी टिपतो आणि परत तिथेच येतो. मेच्या थंडीत वटवटेसुद्धा झाडं सोडून पाण्याकाठच्या दगडांवर आणि ओल्या लाकडांवर फिरताना दिसतात.

तळी आणि नद्या बघताना गोठलेल्या आणि मोकळ्या पाण्याची सीमारेषा दुर्बिणीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पिंजून काढा. धरणाच्या खाली, दोन तळ्यांना जोडणाऱ्या अरुंद प्रवाहात, पुलाच्या सावलीत पाणी मोकळं असतं आणि बदकं तिथेच दाटीवाटीने बसतात. पाकोळ्याही तिथेच बघा. ट्री स्वॅलो अशा दिवशी पाण्याला जवळपास चिकटून उडतात, कारण पाण्यातून निघालेले बारीक चिलटांसारखे किडे तेवढ्याच उंचीवर असतात. तेही संपले तर त्या बेबेरी या झुडपाची मेणचट फळं खाऊन तगू शकतात. लहान पाकोळीला हे जमतं, ही मला या पक्ष्याची सर्वांत थोर गोष्ट वाटते. यलो-रम्प्ड वॉर्बलरलाही असं मेण पचतं, म्हणूनच तो इतर वटवट्यांच्या आधी, थंडी सरत नाही तोच येऊ शकतो.

मग रस्ते. बर्फ बाजूला सारणारं यंत्र फिरून गेलं की कडेला माती आणि वाळलेलं गवत उघडं पडतं. चंडोल, भारीट, जंको, चिमण्यांच्या जाती त्यावर तुटून पडतात. शेणखत पसरलेलं शेतही असंच, कारण खत काळं असल्याने त्यावरचा बर्फ लवकर वितळतो आणि त्यात बिया व अळ्या असतात. शेतात न उतरता रस्त्यावरून बघा. रस्त्याकडेच्या पक्ष्यांना वाहनांचा मोठा धोका असतो, तेव्हा गाडी हळू हाका आणि थांबायचं तर इतरांना अडचण होणार नाही अशाच जागी थांबा.

दक्षिणेकडे तोंड असलेले उतार आणि भिंती आधी वितळतात. झाडांच्या बुंध्यांभोवतीही बर्फ लवकर वितळून गोल खळगा तयार होतो आणि त्यात पाचोळा उघडा पडतो. फॉक्स स्पॅरोसारखे पक्षी तिथे दोन्ही पायांनी मागे उडी मारून पाचोळा उकरतात. तो खरखर आवाज बर्फाच्या शांततेत बराच लांबून ऐकू येतो, त्याच्यावर कान ठेवा.

फळं उरलेली झाडं शेवटची. सुमॅकचे तांबडे तुरे, रानसफरचंदं, ज्युनिपरची फळं गेल्या शरदापासून झाडावर असतात आणि रॉबिन, ब्लूबर्ड, वॅक्सविंग त्यावर दिवस काढतात. आणि मेपल किंवा बर्चच्या खोडावर ओळीने पाडलेली बारीक भोकं दिसली तर वर बघत थांबा. सॅपसकर हा सुतारपक्षी त्यातून पाझरणारा गोड रस पितो, त्या रसावर किडे येतात आणि फुलं नसलेल्या दिवसांत रूबी-थ्रोटेड हमिंगबर्डही त्याच रसावर निभावून नेतो.

किती वाजता आणि कसं

वसंतातला नेहमीचा नियम आहे की उजाडताच निघावं. बर्फाच्या दिवशी तो अर्धाच लागू पडतो. बिया खाणारे आणि जमिनीवर चरणारे पक्षी रात्रभर उपाशी असल्याने पहिल्या उजेडात जोमाने खातात, त्यांच्यासाठी लवकर जा. किडे खाणाऱ्यांसाठी मात्र दहा ते तीनची वेळ जास्त चांगली. ऊन जरा डोकावलं, एखाद-दोन अंश पारा चढला की किडे हलतात आणि त्याबरोबर पाकोळ्या आणि माशीमार कामाला लागतात.

फिरत राहू नका. एक उघडी जागा निवडा, तिच्यापासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला उभे राहा आणि पाऊण तास द्या. उपाशी पक्षी एकाच जागेवर पुन:पुन्हा फिरून येतात. गाडी जवळ नेता येत असेल तर तिच्यातच बसून बघणं उत्तम. पक्ष्यांना गाडीचं फारसं भय वाटत नाही. इंजिन आणि हीटर बंद ठेवा, नाहीतर खिडकीतून निघणारी गरम हवा दुर्बिणीतलं चित्र लहरवते.

ओळख पटवताना दोन-तीन गोष्टी फसवतात. थंडीत पक्षी पिसं फुलवतो, त्यामुळे सडपातळ वटवट्या गोल चेंडू दिसतो आणि मान नाहीशी होते. आकारावर विसंबू नका. चोचीची जाडी, भुवईची रेघ, पंखावरचे पट्टे, शेपटीतलं पांढरं बघा. बर्फावरून उजेड खालून वर येतो आणि पोटाचे रंग एरवीपेक्षा फिके, उजळ भासतात, म्हणून पोटाच्या छटेवरून घाईने नाव ठरवू नका. आणि पुस्तकातला "शेंड्यावर आढळतो" हा शेरा त्या दिवशी विसरा. स्कार्लेट टॅनेजरसारखा उंच झाडांत राहणारा लालभडक पक्षी हिरवळीवर उड्या मारताना दिसू शकतो. गाणी जवळपास बंद असतात, तेव्हा एकाक्षरी हाकांवर भर द्यावा लागतो.

फोटो काढणार असाल तर कॅमेरा पांढऱ्या बर्फाला राखाडी समजतो आणि पक्षी काळवंडतो. एक्सपोजर +1 ते +1.5 ने वाढवा.

अंतर

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग माझ्या लेखी हाच आहे. अशा दिवशी पक्षी जवळ येऊ देतो, कारण उडण्याची ताकद त्याला परवडत नसते. त्याचा धीटपणा म्हणजे आपल्याला मिळालेली परवानगी नव्हे. चारा टिपणं थांबवून त्याने तुमच्याकडे बघितलं, अंग आक्रसलं किंवा दोन पावलं सरकला, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. मागे या. एका उघड्या पट्ट्यावरून थवा उठवला तर आसपास दुसरा पट्टा असेलच असं नाही.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. आवाजाला उत्तर देण्यात त्याची शक्ती जाते आणि खाण्याची मिनिटंही. कुत्रा बरोबर असेल तर दोरी हातात ठेवा. संध्याकाळी पाकोळ्या एकाच घरट्याच्या पेटीत किंवा ढोलीत दाटीवाटीने शिरतात, एकमेकींच्या उबेने रात्र काढतात. ती पेटी उघडून बघू नका. फांदीवर निश्चल, डोळे मिटलेला हमिंगबर्ड दिसला तर तो मेलेला असेलच असं नाही. रात्री किंवा कडक थंडीत तो शरीराचं तापमान खूप खाली आणून शक्ती वाचवतो. त्याला हात लावू नका.

एक अपवाद आहे. ओला रस्ता किंवा मोठं वाहनतळ रात्रीच्या बर्फात वरून पाण्यासारखं दिसतं आणि टिबुकल्या, लून असे पाणपक्षी त्यावर उतरतात. डिसेंबर 2011 मध्ये युटात इअर्ड ग्रीब या टिबुकल्यांचे हजारो पक्षी असेच उतरले. या पक्ष्यांचे पाय शरीराच्या अगदी मागे असतात. पाण्यावर धावत गेल्याशिवाय त्यांना उडता येत नाही, म्हणून जमिनीवरून ते स्वतःहून सुटू शकत नाहीत. अशा वेळी स्थानिक वन्यजीव बचाव केंद्राला फोन करा. उचलावंच लागलं तर जाड टॉवेल टाकून, हातमोजे घालून, चेहरा लांब ठेवून उचला, कारण चोच थेट डोळ्यांकडे येते. हवेसाठी भोकं असलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. खाऊ-पिऊ घालू नका.

घराजवळ खाणं ठेवायचं असेल तर

झुडपांच्या आडोशाला, पण मांजर दबा धरू शकणार नाही इतक्या अंतरावर, बर्फ खरवडून जमिनीचा चौकोन मोकळा करा आणि त्यावर बाजरीवर्गीय बारीक धान्य व काळी सूर्यफुलाची बी पसरा. नुसती उघडी मातीही त्या दिवशी उपयोगी असते. रॉबिन आणि कस्तुरांसाठी अर्धी कापलेली सफरचंदं, भिजवलेले बेदाणे ठेवा. सुतार, किंगलेट, वटवटे चरबीची वडी खातात. मीलवर्म्स (एका भुंग्याच्या अळ्या) मिळाले तर ब्लूबर्डसारख्या किडे खाणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार होतो. पाव देऊ नका. पोट भरल्यासारखं होतं, शक्ती मिळत नाही.

हमिंगबर्डसाठी एक भाग साखर आणि चार भाग पाणी. रंग नको, मध नको. भांडं रात्री घरात घ्या आणि उजाडण्याआधी बाहेर टांगा, कारण त्याला पहिला घोट पहाटेच लागतो.

गर्दी वाढली की रोगही पसरतो. भांडी रोज रिकामी करून धुवा आणि ओलं, चिकट झालेलं धान्य फेकून द्या. सुस्त, फुगलेला पक्षी भांड्यापाशीच बसून राहिलेला दिसला तर काही दिवस खाणं ठेवणं बंद करा.

नोंद

वादळातल्या नोंदी शास्त्रज्ञांना विशेष उपयोगी पडतात, कारण तेव्हा बाहेर पडणारे थोडेच असतात. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना दिसलेला प्रत्येक पक्षी आणि त्याची संख्या लिहा, वेळ आणि चाललेलं अंतर भरा आणि टिपणात तापमान, वाऱ्याची दिशा, बर्फाची जाडी व पक्षी काय खात होता हे टाका. "40 रॉबिन" यापेक्षा "40 रॉबिन, सुमॅकची फळं खाताना" ही नोंद कितीतरी जास्त सांगते. एखादी दुर्मीळ जात अशा जागी थकून बसली असेल, तर नेमकं ठिकाण लगेच सगळीकडे पसरवू नका. वारा फिरून ती निघून गेल्यावर सांगा. मेलेले पक्षी मोठ्या संख्येने दिसले तर उघड्या हाताने उचलू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि तिथल्या वन्यजीव विभागाला कळवा, कारण बर्ड फ्लूची शक्यताही तपासावी लागते.

शिवाय स्वतःसाठी एक नकाशा ठेवा. कोणता पाझर गोठला नाही, कोणत्या उताराचा बर्फ आधी गेला, कोणत्या झाडावर एप्रिलमध्येही फळं होती, हे त्यावर मांडत जा. पाझर आणि उतार दरवर्षी तेच असतात, फळं मात्र एखाद्या वर्षी कमी-जास्त होतात. पुढच्या वसंतात रात्री बर्फाचा अंदाज आला की सकाळी नेमकं कुठे जायचं, हे तो नकाशाच सांगेल.